ईसीयूची पाटी पुसण्याआधी

२०२५ च्या पावसाळ्यात आमची गाडी सिग्नलला उभी असताना थरथरू लागली. आरपीएमचा काटा ७०० वर स्थिर राहण्याऐवजी ६०० आणि ९०० यांच्यामध्ये हेलकावे खाऊ लागला. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना तर गाडी असा हिसका देऊ लागली, की मागे बसलेल्या आईने एकदा विचारलेच, "अरे, मधेच ब्रेक कशाला मारतोस?" गाडी २०१६ ची, १.६ लिटर पेट्रोल इंजिनाची, सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरकडे पोचवणाऱ्या) ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. मी ती २०२१ मध्ये सेकंडहँड घेतली आणि तेव्हापासून ती पुणे–सातारा आणि पुणे–सोलापूर या दोन रस्त्यांवर सतत पळत आली आहे. त्या वेळी तिचे ९२ हजार किलोमीटर झाले होते.

घराजवळच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडले, दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवले, पंधरा मिनिटे तसेच बाजूला धरून ठेवले आणि पुन्हा आवळले. "दादा, कॉम्प्युटर रीसेट मारलाय. आता बघा, गाडी नव्यासारखी चालेल," असे त्यांनी सांगितले आणि गाडी खरोखरच बरी चालू लागली. इंजिन शांत झाले, थरथर गेली. दुसऱ्या–तिसऱ्या गिअरमधला हिसका मात्र होता तसाच होता. पण एक दुखणे थांबल्याच्या आनंदात मी दुसऱ्याकडे काणाडोळा केला. पाचव्या दिवशी स्वारगेटच्या सिग्नलला काटा पुन्हा डोलू लागला.

या पाच दिवसांनी मला या विषयाकडे नीट बघायला लावले. गाडीच्या कॉम्प्युटरने जे शिकून ठेवलेले असते, ती त्या गाडीच्या प्रकृतीची नोंदवही असते. ती न वाचता पुसून टाकणे म्हणजे रुग्णाचे जुने केसपेपर फाडून टाकायचे आणि त्याला 'तुम्ही बरे झालात' असे सांगून घरी पाठवायचे. मिस्त्रींचा हेतू वाईट नव्हता हे मला ठाऊक आहे. असे उपाय आपल्याकडे सगळीकडेच चालतात आणि पहिले चार दिवस ते लागू पडल्यासारखे दिसतात, म्हणून टिकूनही राहतात.

इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, नेमके काय शिकतो हे आधी समजून घ्यायला हवे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायचे असेल तर १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. कार्बोरेटरच्या काळात हे प्रमाण मिस्त्री कानाने जुळवत असे. एक स्क्रू अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे, आणि इंजिनाचा आवाज मोकळा झाला की काम झाले. आता तेच काम एक्झॉस्टच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर करतो. बॉशने बनवलेला हा सेन्सर १९७६ मध्ये व्हॉल्व्होच्या गाड्यांमधून प्रथम बाजारात आला आणि तेव्हापासून इंजिनाला स्वतःच्या धुरावरून स्वतःची चूक कळू लागली. नेहमीच्या प्रकारचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान बोलतो: धुरात ऑक्सिजन उरला असेल, म्हणजे पेट्रोल कमी पडले असेल, तर व्होल्टेज खाली जाते आणि पेट्रोल जास्त झाले असेल तर वर चढते. ईसीयू ते वाचून पेट्रोलची मात्रा लगोलग कमी-जास्त करतो. या क्षणोक्षणीच्या दुरुस्तीला शॉर्ट टर्म फ्यूल ट्रिम म्हणतात. हीच दुरुस्ती एकाच दिशेने पुन्हा पुन्हा करावी लागते आहे असे लक्षात आले, की ईसीयू ती कायमच्या हिशोबात धरतो आणि इंजिनाचा वेग व भार यांच्या तक्त्यात त्या-त्या खान्यात लिहून ठेवतो. ती लाँग टर्म फ्यूल ट्रिम. दोन्ही आकडे टक्क्यांत असतात. शून्याच्या आसपास असतील तर सगळे ठीक. अधिक चिन्हाकडे सरकले तर इंजिनाला ठरल्यापेक्षा जास्त पेट्रोल द्यावे लागते आहे, आणि उणे चिन्हाकडे सरकले तर कमी.

हे आकडे बघायला मोठे गॅरेज लागत नाही, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. भारतात २०१३ च्या एप्रिलपासून प्रवासी गाड्यांना ओबीडी-२ ही गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याची व्यवस्था लागू झाली, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात बसणारा आणि फोनशी ब्लूटूथने जोडला जाणारा छोटा स्कॅनर मी विकत घेतला. थंड इंजिनाचे आकडे फसवे असतात, म्हणून गाडी वीस मिनिटे फिरवून गरम केली, सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी केली आणि आकडे वाचले. आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, लाँग टर्म ट्रिम अधिक १७ टक्के होती. रेस वाढवून २५०० आरपीएमला धरली तर तीच अधिक ७ वर आली. चेक इंजिनचा दिवा लागलेला नव्हता, कारण बहुतेक गाड्यांत ही दुरुस्ती वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत गेल्यावरच 'मिश्रण फार पातळ' या अर्थाचा पी ०१७१ हा दोषाचा कोड नोंदला जातो. इंजिन आजारी होते, फक्त अजून ओरडत नव्हते.

१७ आणि ७ या दोन आकड्यांतला फरकच सगळे सांगून जातो. माझ्या गाडीत आत येणारी हवा एअर फिल्टरच्या पुढे बसवलेला सेन्सर मोजतो. त्याच्या पुढे कुठे नळी फाटलेली असेल, तर तिथून न मोजलेली हवा आत शिरते आणि हिशोबाला पेट्रोल कमी पडते. आयडलिंगला इंजिन सेकंदाला जेमतेम दोन-अडीच ग्रॅम हवा ओढते, त्यामुळे छोटीशी फटही मोठी ठरते. रेस वाढवली की हवा तिप्पट-चौपट होते, फट मात्र तेवढीच राहते, आणि तिचा वाटा आपोआप घटतो. उलट, पेट्रोल पंप कमजोर असता किंवा फिल्टर तुंबलेला असता, तर ट्रिम आयडलिंगपेक्षा जोरात चालवताना जास्त चढली असती. (ज्या गाड्यांत हवा मोजण्याऐवजी इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यातला, दाब मोजतात, तिथे हे गणित वेगळे पडते, तिथे अशी गळती बहुधा आयडलिंग वाढल्याच्या रूपात दिसते.)

मग बॅटरी काढल्यावर चार दिवस गाडी बरी का चालली, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. सगळे आकडे वहीत उतरवून घेतल्यावर मी तोच प्रयोग स्वतः केला. टर्मिनल काढून परत लावले, इंजिन गरम होऊ दिले आणि स्कॅनर बघितला. लाँग टर्म ट्रिम शून्य झाली होती, पण शॉर्ट टर्म लगेच १५–१७ च्या पुढे झेपावत होती. म्हणजे दुखणे तिथेच होते, फक्त त्याची नोंद गेली होती. आयडलिंग मात्र ७०० ऐवजी ८२० ला चालत होते. इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप किती उघडी ठेवली की इंजिन ७०० ला स्थिरावते, हे ईसीयू हळूहळू शिकतो. ते शिकलेले गेल्यावर तो कारखान्यात भरलेल्या सावध आकड्यापासून सुरुवात करतो आणि झडप थोडी जास्त उघडी ठेवतो. १२० आरपीएमच्या त्या वाढीने थरथर झाकली गेली होती. पुढच्या काही दिवसांत आयडलिंग पुन्हा खाली उतरत गेले, फटीचा वाटा तितका वाढला आणि काटा डोलू लागला. कोडे सुटले.

फट शोधायला मला एक अख्खी रविवार सकाळ लागली. इंजिन चालू ठेवून, पंख्यापासून हात लांब ठेवून, मी एकेक रबरी नळी चाचपत गेलो. इनटेक मॅनिफोल्डच्या खाली वळून जाणारी ब्रीदरची (इंजिनातल्या तेलाची वाफ परत आत नेणारी) नळी वरून अगदी धडधाकट दिसत होती. पण वळणाच्या पोटाकडे बोट नेले तसे ते हलकेच ओढले गेले आणि त्याच क्षणी इंजिनाचा आवाज बदलला. बोट काढले की पुन्हा थरथर, बोट ठेवले की शांत. नळी बाहेर काढून वाकवली तेव्हा रबर उन्हाने आणि तेलाच्या वाफेने कडक होऊन नखाएवढे उकललेले दिसले. नवी नळी साडेचारशे रुपयांना मिळाली.

नळी बदलल्यावर मी काहीही रीसेट केले नाही. त्या वेळी केले असते तरी चालले असते, कारण दोष सापडून दुरुस्त झालेला होता आणि जुन्या नोंदीचा उपयोग संपला होता. पण ईसीयू स्वतःला कसा सावरतो हे मला बघायचे होते. पहिल्या दिवशी शॉर्ट टर्म उणे १२–१३ आणि लाँग टर्म अधिक १६ असे दोन आकडे एकमेकांना ओढत होते. रोजचे ऑफिसचे जाणे-येणे धरून तिसऱ्या दिवशी लाँग टर्म अधिक ४ वर येऊन थांबली. ती शून्यावर का आली नाही, याचे उत्तर पेट्रोलच्या टाकीत आहे. इथेनॉलला पूर्ण जळण्यासाठी पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणजेच तितक्याच हवेला इंधन जास्त द्यावे लागते. दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी १४.७ चे प्रमाण १४.१ च्या जवळ येते आणि वीस टक्क्यांना साधारण १३.५ होते. आपल्याकडे ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या, पेट्रोलची विक्री २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक सगळ्या पंपांवर आले. माझी गाडी त्याआधीची. तिच्या मूळ तक्त्याहून तीन-चार टक्के जास्त इंधन द्यावे लागणे हा दोष नव्हे. ते तिने शिकलेले शहाणपण आहे. ई-२० मुळे ॲव्हरेज पडले म्हणून ईसीयू रीसेट करून घेणारी माणसे मला भेटली आहेत. आज पुसलेले ते चार टक्के चार दिवसांत परत येतात, कारण टाकीतले पेट्रोल तेच असते.

आता गिअरबॉक्सकडे वळतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल आपल्याकडे सर्वांत जास्त गैरसमज आहेत आणि सर्वांत महाग चुकाही तिथेच होतात. बॅटरी काढूनही हिसका तसाच राहिला, त्याचे कारण साधे होते. जुन्या अनेक गाड्यांत शिकलेली माहिती बॅटरीच्या जिवावर जगणाऱ्या मेमरीत असे, त्यामुळे टर्मिनल काढले की ती जाई. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत, आणि विशेषतः गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये, ती वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत लिहिलेली असते. पंधरा मिनिटे काय, पंधरा दिवस टर्मिनल काढून ठेवले तरी तिला धक्का लागत नाही. ती पुसायला त्या कंपनीची आज्ञावली समजणारा स्कॅनर लागतो, आणि माझा छोटा ब्लूटूथ स्कॅनर त्या कामाचा नव्हता.

टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या आत क्लचच्या अनेक जोड्या असतात आणि त्या तेलाच्या दाबाने आवळल्या व सोडल्या जातात. दुसऱ्यातून तिसऱ्यात जायचे म्हणजे एक जोडी सोडायची आणि त्याच क्षणी दुसरी आवळायची. पण आवळण्याची आज्ञा गेली की प्लेटा लगेच एकमेकींना भिडत नाहीत. आधी पिस्टनच्या मागची पोकळी तेलाने भरावी लागते आणि प्लेटांमधले अंतर मिटावे लागते. गावाकडचा हापसा आठवा. पाणी वर येण्याआधी चार-पाच हापसे कोरडे मारावे लागतात, आणि किती मारावे लागतात हे रोज पाणी भरणारालाच ठाऊक असते. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर असेच कोरडे हापसे मोजून ठेवतो; त्याच्या बाबतीत हा सगळा सेकंदाच्या एक-दोन दशांशांचा खेळ असतो. प्लेटा झिजल्या की अंतर वाढते, तेल जुने झाले की त्याचा स्वभाव बदलतो, तेलाची वाट उघडणारे-मिटणारे विजेवरचे सोलेनॉइड सुस्त होतात. दर वेळी गिअर बदलताना कॉम्प्युटर गिअरबॉक्समध्ये येणारा आणि बाहेर पडणारा वेग तपासतो आणि आपली चूक पुढच्या वेळेसाठी थोडी सुधारतो. पकड उशिरा आली तर इंजिन क्षणभर मोकळे सुटते आणि रेस उगाच चढते. पकड लवकर आली तर दोन्ही जोड्या क्षणभर एकदमच धरतात आणि गाडीला आतून ब्रेक लागल्यासारखे होते.

माझ्या गाडीत काटा २१०० वरून आधी २३०० कडे उडायचा आणि मग धप्पकन खाली यायचा. म्हणजे पकड उशिरा येत होती आणि आली की जोरात येत होती. आईला ब्रेकसारखा वाटला तो हाच धक्का. शहरात फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचीच कामे करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मी गाडी नेली. तिथल्या गृहस्थांनी पान्याला हात लावण्याआधी स्कॅनर लावला आणि प्रत्येक क्लचचे शिकलेले आकडे कागदावर उतरवून घेतले. तेवढ्यावरूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. "बघा दादा," त्यांनी दाखवले, "बाकीच्या जोड्या जवळजवळ सारख्याच आहेत, ही एकटीच पुढे गेलीय. पण मर्यादेला टेकलेली नाही. टेकली असती, तर तेल बदलून पैसे वाया घालवू नका म्हणून सांगितलं असतं." नुसते रीसेट केले असते तर हाच आकडा हातातून गेला असता. प्लेटा संपत आलेल्या गिअरबॉक्समध्ये शिकलेली दुरुस्ती हाच शेवटचा आधार असतो. ती पुसली की कॉम्प्युटर नव्या प्लेटांच्या हिशोबाने वागू लागतो, पकड आणखी उशिरा येते, आणि जी गाडी हिसके देत का होईना चालत होती ती घसरू लागते.

मग तेल काढले. टिश्यू पेपरवर त्यांनी एक थेंब जुन्या तेलाचा आणि शेजारी एक नव्याचा सोडला. नवा थेंब लालसर, एकसारखा पसरला. जुना काळपट तपकिरी होता, मध्ये गडद ठिपका आणि कडेला फिकट वलय. जळका वास नव्हता, आणि पॅनमधल्या चुंबकावर मऊ करडा गाळ होता, धातूचे कण नव्हते. हे चांगले लक्षण. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत गिअरबॉक्सचे तेल बदलण्याचा उल्लेखच नाही. 'आयुष्यभरासाठी भरलेले' असे तेल अनेक कंपन्या सांगतात. झेडएफसारखा गिअरबॉक्स बनवणारा मोठा उत्पादक मात्र स्वतःच्या गिअरबॉक्ससाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षे यांच्या दरम्यान तेल बदलण्याची शिफारस करतो. आपल्याकडचे ऊन, ट्रॅफिक आणि घाट लक्षात घेतले तर मी आकडा खालचाच धरीन. माझ्या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, नाही. इंजिन चालू ठेवून, तेलाचे तापमान स्कॅनरवर बघत, ते ठरलेल्या अंशांवर आले की खालचा बोल्ट उघडायचा आणि जास्तीचे तेल बारीक धारेने गळून थेंबांवर आले की बंद करायचा, अशी त्याची पातळी पाहतात. अंदाजाने भरलेले तेल कोणत्याही रीसेटने सुधारत नाही.

आणि आता मात्र रीसेट करणे आवश्यक होते. जुन्या तेलाच्या हिशोबाने शिकलेले आकडे नव्या तेलाला लागू पडत नाहीत, आणि कॉम्प्युटरला ते एकेक पायरीने विसरायला बराच काळ लागू शकतो. तोवर प्लेटा उगाच झिजतात. त्यांनी स्कॅनरवरून गिअरबॉक्सची शिकलेली मूल्ये पुसली आणि मला एका चिठ्ठीवर गाडी कशी चालवायची ते लिहून दिले. रीसेटनंतरचे हे शिकवणेच बहुतेक ठिकाणी वगळले जाते. मालकाला किल्ली देतात. तो थेट सिंहगड रस्त्याच्या गर्दीत शिरतो, दर पन्नास मीटरला ब्रेक मारतो, आणि कॉम्प्युटर तेच अर्धवट, गोंधळलेले धडे गिरवतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी सोलापूर रस्त्याने निघालो. हडपसर ओलांडून उरुळी कांचनपर्यंत नुसती गाडी आणि तेल गरम होऊ दिले, कारण तेल पुरेसे गरम झाल्याशिवाय कॉम्प्युटर शिकतच नाही. यवतच्या पुढे, सरळ आणि सपाट रस्त्यावर, ॲक्सिलरेटर एक-चतुर्थांशाच्या आसपास एकाच जागी स्थिर धरून पहिल्यापासून सहाव्यापर्यंत गिअर पडू दिले. मग पाय काढून घेतला आणि गाडीला हलक्या ब्रेकवर स्वतःहून एकेक गिअर खाली येऊ दिले. चौफुल्याला डावी-उजवी बघून मोरगावच्या रस्त्याला लागलो, तिथे त्या वेळी वाहने तुरळक असतात. मागे कोणी नाही याची आरशात खात्री करून पूर्ण थांबणे, पाच-सहा सेकंद उभे राहणे, पुन्हा त्याच संथपणे निघणे, असे दहा वेळा केले. त्यानंतर ॲक्सिलरेटर थोडा जास्त धरून तेच पुन्हा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत दुसरा–तिसरा गिअर आधीपेक्षाही वाईट पडला, आणि मनात धाकधूक झाली हे कबूल करतो. चौथ्या फेरीत काटा २१०० वरून २२०० ला स्पर्शून खाली आला. सातव्या फेरीला तो वर गेलाच नाही. दहाव्या फेरीत गिअर बदलल्याचे मला फक्त काट्यावरून कळले. पाऊस थांबला होता, दोन्ही बाजूंना बाजरी उभी होती, आणि काटा उतरताना पाहून मला जे समाधान वाटले ते साडेचारशेच्या नळीतही वाटले नव्हते.

सोसायटीतल्या एका काकांची एएमटी गाडी आहे. भारतात या प्रकारची सुरुवात २०१४ मध्ये मारुती सुझुकी सेलेरिओने झाली आणि आज आपल्याकडे स्वस्त ऑटोमॅटिक म्हणजे बहुतांशी हीच. यात साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधीच क्लचप्लेट असते, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. त्या यंत्राला क्लच नेमका कुठे पकड घेतो तो बिंदू ठाऊक असावा लागतो. काकांनी एका गॅरेजमध्ये क्लचप्लेट बदलून घेतली आणि त्यानंतर गाडी निघताना घोड्यासारखी उसळू लागली. पुन्हा प्लेट बदलण्याचे दहा-बारा हजारांचे अंदाजपत्रकही त्यांना मिळाले होते. प्रत्यक्षात नव्या प्लेटचा बिंदू स्कॅनरने शिकवायचा राहून गेला होता. दुसरीकडे नेऊन तो शिकवून घेतला. अर्ध्या तासाचे काम होते.

थ्रॉटल बॉडीचेही असेच. तिच्यावर काजळी साचली की हवेची वाट अरुंद होते, आणि ईसीयू झडप हळूहळू जास्त उघडी ठेवायला शिकतो. साफ केल्यावर वाट मोकळी होते, पण झडप जुन्या सवयीने जास्तच उघडी राहते आणि आयडलिंग हजार-बाराशेला जाते. अशा वेळी थ्रॉटलची शिकलेली स्थिती रीसेट करणे योग्य. ज्या कामानंतर गाडीचा एखादा भाग खरोखर बदलला आहे, त्या भागापुरते पुसावे, असे मी आता धरून चालतो.

बॅटरी काढून रीसेट करण्याबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली धोक्याची आहे. कार्बोरेटरच्या काळात बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर चालतो का हे बघायला इंजिन चालू असताना टर्मिनल काढायची पद्धत होती, आणि ती आजही काही हातांना सुटलेली नाही. चालू इंजिनावर बॅटरी तोडली की अल्टरनेटरचे व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळते, आणि त्यात एखादा कॉम्प्युटर कायमचा जाऊ शकतो. दुसरी गोष्ट नोंदींची. टर्मिनल काढल्याने घड्याळ आणि काचांची आपोआप वर जाण्याची सोय तर विस्कटतेच. पण अनेक गाड्यांत दोष नोंदवताना टिपलेले तापमान, वेग आणि भार यांचे क्षणचित्रही पुसले जाते. ते दोष शोधणाऱ्यासाठी सोन्यासारखे असते.

यातूनच सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांसाठी एक उपयोग निघतो, जो मला २०२१ मध्ये ठाऊक असायला हवा होता. कोड पुसल्यावर ईसीयूच्या स्वतपासणीच्या नोंदी 'अपूर्ण' अशा दिसू लागतात आणि वेगवेगळ्या प्रकारे गाडी चालल्यावरच एकेक करून पूर्ण होतात. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हा आकडाही साधा स्कॅनर दाखवतो. विकणारा म्हणतो गाडीला कधीच काही झाले नाही, आणि स्कॅनर म्हणतो कोड १४ किलोमीटरांपूर्वी पुसले आहेत, तर बोलणी तिथेच थांबवावीत.

किल्ली ऑन करून तीस सेकंद ॲक्सिलरेटर दाबून ठेवला की गिअरबॉक्स 'तुमची स्टाइल' विसरतो, असे फार जण सांगतात. काही गाड्यांत पेडलची शेवटची स्थिती शिकवण्याची तशी पद्धत आहेही. पण चालकाच्या स्वभावानुसार गिअर लवकर वा उशिरा टाकण्याचा जो भाग असतो, तो बऱ्याच गाड्यांत गेल्या काही मिनिटांच्या चालवण्यावरूनच ठरतो आणि शांतपणे चालवू लागले की तसाच शांतही होतो. क्लचच्या दाबाचे शिकलेले आकडे हे वेगळे प्रकरण आहे आणि पेडल दाबून ते जात नाहीत. या दोन्हींची गल्लत झाली, की माणूस हिसक्याचा दोष स्वतःच्या पायाला देत बसतो आणि तेल तसेच काळे पडत राहते.

गेल्या महिन्यात गाडीची बॅटरी संपली आणि नवी बसवावी लागली, त्यामुळे या सगळ्याची आपोआप एक परीक्षा झाली. बसवण्याआधीचे आकडे माझ्या वहीत होते: आयडलिंग ७००, लाँग टर्म अधिक ४. नव्या बॅटरीवर पहिल्या दिवशी आयडलिंग ८१० आणि ट्रिम शून्य. तिसऱ्या दिवशी ७१० आणि अधिक ३. पाचव्या दिवशी ७०० आणि अधिक ४. दुसरा–तिसरा गिअर पहिल्या दिवसापासून होता तसाच, आवाज न करता पडत राहिला.